कापडाचे किती, शिलाईचे किती?

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. माझ्या काचेच्या कोपऱ्याला बारीक तडा गेला आहे. पाठीवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक डाग आहे, तो काही केल्या निघत नाही. इतके आयुष्य गेले, पण मी आजवर एकदाही कुणाच्या कानाला लागलेलो नाही. तुम्ही म्हणाल, फोन आणि कानाला लागला नाही? मग हा फोन आहे की पाटी? सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्यात कॅमेरा बसवला, बॅटरी बसवली, पाठ चिकटवली. शेवटी एका यंत्राने माझ्यासमोर शिट्टी वाजवली आणि माझ्याकडून ती परत वाजवून घेतली. आवाज स्वच्छ आला म्हणून मी पास झालो. माझ्या आवाजाचे ते पहिले आणि शेवटचे कौतुक.

तिथून मी एका फोन कंपनीच्या दुकानात आलो. काचेच्या कपाटात मला उभे केले आणि माझ्या पायाशी एक लाल पाटी ठेवली, ‘फुकट’. खरे सांगू? मला ते झोंबले. इतक्या हातांनी घडवलेला मी, आणि माझी किंमत काहीच नाही? शेजारी तस्साच दुसरा फोन होता. त्याच्या पाटीवर चांगली घसघशीत किंमत होती आणि खाली लिहिले होते, ‘हप्त्यांची सोय’. आम्ही दोघे जुळे भाऊ, पण लोक त्याची किंमत वाचून दचकत आणि माझ्याकडे वळत. हे गौडबंगाल मला पुष्कळ दिवस कळले नाही.

एके दिवशी दुपारी दोघे भाऊ-बहीण दुकानात आले. भाऊ लिफ्ट दुरुस्तीचे काम करी. त्याला सगळे दादा म्हणत. बहीण त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, पण बाकी सगळ्यांची ताई. ताई कपडे शिवायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. ती खुणांच्या भाषेत बोले, आणि खूण न कळणाऱ्यांसाठी गळ्यात एक छोटी वही अडकवलेली असे.

विक्रेता तरुण आणि चटपटीत होता. त्याने ताईकडे एकदा पाहिले आणि पुढचे सगळे दादाशीच बोलला.

“फोन एकदम फुकट, साहेब. फक्त दोन वर्षांचा करार. महिन्याला शंभर भरायचे, आणि बोलायला कसलीच मर्यादा नाही. दिवसरात्र बोला!”

“बोलायला मर्यादा नाही म्हणे,” दादा खुशीत ताईकडे वळला. मग काय बोललो ते लक्षात येऊन कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. पण फुकट ते पौष्टिक! ताईने वहीवर काहीतरी लिहायला घेतले होते, तोवर दादाने कागदावर बोट ठेवून दाखवले, ‘इथे सही कर.’ माणूस मनाचा चांगला, पण घाईचा. लहानपणापासून तिच्या वतीने बोलण्याची त्याला सवयच लागली होती. ताईने पेन्सिल खाली ठेवली आणि सही केली.

अशा रीतीने मी ताईच्या घरी आलो. घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापायचे मोठे टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कापड बेतायचे पुठ्ठ्याचे नमुने. ताई टेबलावर दोऱ्याच्या रिळाला टेकून मला उभे करायची. रोज दुपारी एक वाजता माझ्या पडद्यावर तिची धाकटी बहीण दिसे. तिलाही ऐकू येत नव्हते. लग्न होऊन ती फार दूरच्या शहरात गेली होती आणि पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करत होती. तिच्या नावाची खूण म्हणजे गालावर टेकवलेले बोट, कारण हसली की तिच्या गालाला खळी पडे. मीही तिला खळीच म्हणतो.

दोघींचे हात सुरू झाले की पाहत राहावे! चेष्टा, भांडण, गाऱ्हाणी, सगळे हातांनी. एकदा ताईने एका गिऱ्हाइकाची अशी हुबेहूब नक्कल केली की खळी हसून हसून पडद्यातून नाहीशीच झाली. मला वाटले, आपल्या जन्माचे सार्थक झाले.

पण दहा-बारा दिवस गेले आणि चित्र अडखळू लागले. करारात बोलणे अमाप होते, पण इंटरनेट मात्र चिमूटभर. चित्रावर चालणाऱ्या गप्पांना ते कुठून पुरणार? महिन्याच्या मध्यावरच सगळे संपे. जादा हवे तर जादा पैसे. आणि गंमत अशी, की ते मागायला कंपनीच्या क्रमांकावर फोन करून बोलावे लागे! म्हणजे पुन्हा दादाचीच वाट पाहणे आले. ज्या ताईला एक शब्द ऐकू येत नव्हता, ती दर महिन्याला अमर्याद बोलण्याचे पैसे भरत होती. आंधळ्याला आरसा विकावा तसे झाले.

तरी ताई निभावून नेत होती. त्याच सुमारास खळीला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिची तब्येत बिघडली आणि डॉक्टरांनी तिला इस्पितळात झोपवून ठेवले. नवरा कामावरून संध्याकाळी येई. दिवसभर तिथे तिच्याशी खुणांनी बोलणारे कुणीच नव्हते. परिचारिका प्रेमळ होत्या, पण त्या तोंड हलवून निघून जात. दुपारचा एक वाजला की खळी नुसती पडद्याला डोळे लावून बसे.

अशाच एका दुपारी तिने घाईघाईने खुणा केल्या. ‘डॉक्टर आले होते. म्हणाले, बाळ...’ दोन्ही हात झुलवत तिने बाळाची खूण केली, आणि तिथेच चित्र थिजले.

इंटरनेट संपले होते.

ताईने मला हलवले, बंद केले, पुन्हा चालू केले. पडद्यावर खळीचे हात तसेच, रिकामा पाळणा धरल्यासारखे. ताईने साधा संदेश पाठवला, ‘बाळाला काय झालं?’ उत्तर नाही. दादाला पाठवला. तो कुठल्या तरी बाराव्या मजल्यावर लिफ्टच्या बोळकांडीत लटकलेला, तिथे संदेश कसा पोहोचणार! मित्रांनो, मी ताईच्या हातात होतो. त्या दिवशी माझ्या काचेवर घामाचे ठसे उमटत होते आणि मला काहीही करता येत नव्हते. आपल्यात सगळे असून कामाच्या वेळी काहीच नसणे, याहून मोठी लाज फोनला दुसरी नाही.

दोन तासांनी संदेश आला. ‘तपासणीला नेलं होतं. बाळ छान आहे. डॉक्टर म्हणाले, बाळ आता डोकं खाली करून नीट बसलंय. पुढच्या आठवड्यात घरी सोडतील.’

ताई खुर्चीत मटकन बसली आणि कितीतरी वेळ हसत रडत राहिली. मग उठली, तोंड धुतले, शिवणयंत्रावर झाकण घातले, मला उचलले, ‘फोनच्या दुकानात जाते, हा करार नको’ असे दादाला कळवले आणि थेट दुकान गाठले. एकटीने.

टेबलामागे आज तो तरुण नव्हता. जाड भिंगाच्या चष्म्याच्या एक बाई होत्या. ताईने वही पुढे केली. तेवढ्यात संदेश वाचून दादा धापा टाकत आला, हाताला ग्रीस तसेच.

“बाई, हिचं म्हणणं असं की हा करारच मोडून...” त्याने सुरुवात केली.

ताईने तळहात त्याच्या तोंडासमोर धरला. रागाने नव्हे. पण असा धरला, की दादा बोलायचा थांबला आणि मुकाट्याने बाकावर जाऊन बसला. त्याच्या चेहऱ्यावर मी प्रथमच पाहिले, की आपण इतकी वर्षे मदत करत होतो की मध्ये उभे होतो, हा प्रश्न त्याला पडला आहे.

ताईने वहीत लिहिले, ‘मी शिंपी आहे. कपडा शिवून देताना मी गिऱ्हाइकाला सांगते, कापडाचे इतके आणि शिलाईचे इतके. मी दरमहा शंभर भरते. त्यात कापडाचे किती, शिलाईचे किती?’

बाईंनी ते दोनदा वाचले. चष्मा वर सरकवला. मग त्यांनी उत्तर दिले ते दादाकडे न पाहता, सरळ ताईच्या समोर बसून, वहीत लिहून. मी मधेच टेबलावर होतो, म्हणून सगळे वाचले.

‘कापड म्हणजे हा फोन. त्याचे चाळीस. शिलाई म्हणजे सेवा, तिचे साठ. फोन फुकट नाही. त्याची किंमत महिन्याच्या रकमेत मिसळली आहे.’

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या मनावरचा एक जुना दगड उतरला. मी फुकटचा नव्हतो! माझी किंमत होती, नुसती लपवलेली होती.

ताईने पुढे लिहिले, ‘दोन वर्षांनी कापडाचे पैसे फिटतील. मग शंभराचे साठ होतील ना?’

‘नाही,’ बाईंनी लिहिले. ‘तुम्ही येऊन सांगितलं नाही, तर शंभरच चालू राहतात.’

“काय?” बाकावरून मान लांबवून वाचणारा दादा ओरडला. “फिटलेल्या फोनचेही पैसे?”

शेजारच्या रांगेतला मालमोटार चालवणारा एक गृहस्थ वळून म्हणाला, “मला तर हा करार बरा पडला, बुवा. दिवसभर फोनवर बोलल्याशिवाय माझी गाडीच हलत नाही. पण फिटल्यावरही शंभर? हे मात्र मला कुणी सांगितलं नाही!”

“तुम्ही विचारलं नाहीत,” बाई ओशाळून म्हणाल्या. “आणि न विचारता आम्ही सांगत नाही. खरं म्हणजे सांगायला हवं.”

मग त्यांनी ताईला दुसरी सोय लिहून दाखवली. फोनचे उरलेले सतरा महिन्यांचे चाळीस-चाळीस वेगळ्या हप्त्यांत बांधायचे. सेवा वेगळी, आणि तीही बोलणे वगळून फक्त इंटरनेटची, भरपूर, चाळीसात. म्हणजे शंभराऐवजी ऐंशी. हप्ते फिटले की उरतील नुसते चाळीस. मग फोनला घातलेले कुलूपही निघेल आणि कोणत्याही कंपनीचे कार्ड त्यात चालेल.

ताईला आनंद झाला, पण ती हुरळली नाही. आता तिला घाई करायला लावणारे कुणी नव्हते. तिने विचारले, ‘हप्ता चुकला तर?’ दंड. ‘फोन हरवला तर?’ तरी उरलेले हप्ते भरावे लागतील. ‘व्याज?’ नाही. ‘हे सगळं कागदावर कुठे आहे?’ बाईंनी एकेका ओळीखाली रेघ मारून दाखवले. ताईने पूर्ण कागद वाचला. तिच्या मागे रांग वाढली, कुणीतरी खाकरले, पण तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचले आणि मगच सही केली.

दुकानाबाहेर पायरीवर दादाने तिच्यासमोर मूठ छातीवर गोल फिरवली. ही ‘चुकलो’ची खूण. त्याला येणाऱ्या चार-सहा खुणांपैकी ती एक. ताईने त्याच्या गालाला लागलेले ग्रीस चिंधीने पुसले.

त्यानंतर चित्र कधी थिजले नाही. खळी घरी आली, वेळेवर बाळंत झाली, मुलगी झाली, आणि त्या मुलीचे पहिले जांभई देणे माझ्या पडद्यावर ताईने आणि दादाने मिळून पाहिले. दादा आता रोज संध्याकाळी ताईकडून खुणा शिकू लागला होता. त्याने मोठ्या तोऱ्यात खळीला विचारले, ‘बाळ झोपतं का?’ पण खूण चुकली आणि निघाले, ‘भांडं झोपतं का?’ खळी म्हणाली, ‘भांडं झोपतं, झाकण रडतं.’ तिघे पोट धरून हसले.

सतरा महिने बघता बघता गेले. एका सकाळी संदेश आला, ‘आपला शेवटचा हप्ता मिळाला. बाकी शून्य.’ ताईने तो वाचला, मला पालथे ठेवले, आणि एका कोटाची गुंडी पुरी लावून मग पुन्हा वाचला. त्याच दिवशी माझे कुलूप निघाले. दर महिन्याचे जे वाचत होते ते ताईने बाजूला टाकले होते. त्यातून तिकीट निघाले.

खळीच्या शहरात स्टेशनावर उतरताच ताईने तिथल्या कंपनीचे स्वस्त कार्ड माझ्यात घातले आणि पत्ता विचारत विचारत, म्हणजे लिहून दाखवत, घर गाठले. दार उघडले. मग तिने मला पिशवीत टाकले ते टाकलेच. आठ दिवस मला कुणी हात लावला नाही. पिशवीच्या फटीतून मला एवढेच दिसे, की दोघी समोरासमोर बसल्या आहेत, मधे एक छोटी मुलगी आहे, आणि तीही मूठ उघडून-मिटून काहीतरी सांगू पाहते आहे. माझे भाईबंद अशा वेळी म्हणतात, आमची उपेक्षा झाली. मला तसे मुळीच वाटले नाही. आयुष्यात पहिल्यांदा इतकी गाढ झोप लागली.

तर मित्रांनो, उद्या मोठे व्हाल, तुम्हीही एखादा फोन घ्याल. कराराने घ्या, हप्त्याने घ्या, नाहीतर पैसे साठवून एकदम घ्या. ज्याची त्याची गरज वेगळी. पण कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि मागे रांग खोळंबली म्हणून प्रश्न गिळू नका. आम्हाला फुकटचे समजून आपटू नका, आम्ही पुष्कळ वर्षे साथ देतो. आणि तुमच्या शेजारी कुणी आपले म्हणणे आपल्या रीतीने मांडत असेल, तर त्याच्या वतीने बोलायची घाई करू नका. त्याच्या समोर बसा, आणि त्याचे पुरे होईपर्यंत थांबा.