वापरात नसलेलं खातं

तिने तिसऱ्यांदा पासवर्ड घातला, तोही एकेक अक्षर पुटपुटत, आणि स्क्रीनने तिसऱ्यांदा तेच सांगितलं: तुम्हाला परवानगी नाही.

"परवानगी नाही म्हणजे? अरे, लिहिलंय कुणी तुला?" ती स्क्रीनवरच खेकसली.

लिहिलं होतं तिनेच. आईच्या जेवणाच्या टेबलावर, भांडी बाजूला सारून. कंपन्या कुठले कुठले सर्व्हर भाड्याने घेतात, काम झालं की बंद करायला विसरतात आणि भाडं भरत बसतात. असे विसरलेले सर्व्हर शोधून बंद करायचे, एवढंच त्या सॉफ्टवेअरचं काम. ती लिहायची, धाकटा भाऊ विकायचा. आता कंपनीचे दोन मजले झाले होते आणि तिच्या वाट्याला आल्या होत्या मीटिंगा. मीटिंग कधी घ्यायची हे ठरवायलासुद्धा मीटिंग!

बंद करण्याआधी मालकाला विचारायची जी पायरी तिने घातली होती, ती काढून टाकायचं भावाने मनावर घेतलं होतं. म्हणे गिऱ्हाइकांना कटकट होते. संध्याकाळी त्यावर शेवटचा निर्णय होता. त्याआधी ती पायरी सुटसुटीत करून त्याच्यापुढे ठेवायची, म्हणून तिने कशीबशी एक दुपार मोकळी काढली होती. आणि दारातच घोडं अडलं.

सिस्टीम सांभाळणारी मुलगी आली, तिने दोन बटणं दाबून पाहिली.

"मॅडम, तुमचं खातं बंद झालंय. बरेच महिने वापरात नव्हतं ना. आपलं सॉफ्टवेअर आपण आता आपल्याच कंपनीतल्या लोकांच्या खात्यांनाही लावलंय."

"न विचारता?"

"विचारलं होतं की." मुलगी जरा अडखळली. "सरांना. त्यांनी 'काढा' दाबलंय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाच्या केबिनचं दार तिने न ठोठावता उघडलं.

"तू मला काढलंस?"

"मी? काहीतरीच काय, ताई!"

"फोन बघ."

त्याने फोनवर बोट वर-खाली केलं आणि एका जागी थांबला. कान लाल झाले.

"अगं, दिवसाला ढीगभर येतात हे. कोण वाचत बसतं? म्हणून तर म्हणतोय, विचारायची भानगडच नको."

"वाच. मोठ्याने."

"ताई..."

"वाच म्हणते ना!"

त्याने घसा साफ केला. "'हे बरेच दिवस कुणी वापरलेलं नाही. काढून टाकायचं का? काढण्याआधी ज्याचं आहे त्याला एकदा विचारून घ्या.'" शेवटच्या शब्दांना त्याचा आवाज उतरला. खाली, काढायच्या खात्यापुढे, तिचं नाव होतं. आईच बोलतेय असं वाटतं, म्हणून तिने लिहिलेल्या याच वाक्यांवरून त्याने तेव्हा तिला चिडवलं होतं.

"मग? विचारलंस मला?"

काचेवर कुणीतरी टकटक केलं, मीटिंगची वेळ झाली होती. त्याने बाहेरच्याला हातानेच 'आत्ता नाही' म्हटलं.

"ताई, तू हल्ली दिवसभर करतेस तरी काय गं?"

भांडायची सगळी तयारी करून ती आली होती. तिने तोंड उघडलं, सकाळपासूनचं आठवून पाहिलं. सांगण्यासारखं काहीच सापडेना. ती खुर्ची ओढून बसली.

"आधी खातं चालू करून दे," ती म्हणाली. "मग सांगते."

त्याने फोन उचलला आणि या वेळी दाबण्याआधी पूर्ण वाचलं.