गप्प राहायचं पान

जिवंत माणसाने लिहिलेलं संगीत वाजवायला घेतलं की एक अडचण होते. तो माणूस तालमीला येऊन बसतो. मेलेले संगीतकार बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांचं वाजवताना हात घसरला तरी भिंतीवरच्या तसबिरीतून ते त्याच चेहऱ्याने बघत राहतात. जिवंत माणूस खुर्चीत चुळबुळ करतो, कपाळाला आठ्या घालतो आणि मध्येच "माफ करा हं, पण..." म्हणून हात वर करतो. अण्णांनी आजवर असे पुष्कळ जिवंत संगीतकार पचवले होते. पण या वेळी त्या खुर्चीत त्यांची पोटची मुलगी बसली होती, आणि ती हात वर करत नव्हती. नुसती ऐकत होती. अण्णांना त्याचाच जास्त त्रास होत होता.

अण्णा चेलो वाजवायचे. चेलो म्हणजे व्हायोलिनचा आडदांड थोरला भाऊ. जमिनीवर टेकवायचा, दोन गुडघ्यांमध्ये धरायचा आणि खालचे, घोगरे, भरदार सूर काढायचे. पहिलं व्हायोलिन बाईंचं. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, तरी त्या खोलीत आल्या की माणसं आपोआप ताठ बसत. दुसरं व्हायोलिन डॉक्टरांचं. हे दातांचे डॉक्टर, आणि दवाखान्यात ज्यांचा हात कधी कापला नाही त्यांचा गज मंचावर मात्र हमखास थरथरायचा. व्हायोला, म्हणजे जरा मोठं, खालच्या सुरांचं व्हायोलिन, वाजवणारा चौथा गडी तालमीत 'हं' आणि 'बरं' यापलीकडे काही बोलत नसे, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. या चौघांना अण्णांची बायको चांडाळचौकडी म्हणायची, आणि असं म्हणत म्हणतच इतकी वर्षं त्यांना चहा पाजत आली होती.

चौकडीचा एक हट्ट होता. दर वर्षी कुणा तरी जिवंत संगीतकाराकडून एक नवी रचना लिहून घ्यायची आणि ती वाजवायची. "जुनं वाजवणारे ढिगाने आहेत," बाई म्हणायच्या. "पण नवं कुणी वाजवलंच नाही, तर ते जुनं होणार कसं?" म्हणणं बरोबर होतं. फक्त नव्या रचनांचं नशीब फुटकं असे. पहिला प्रयोग तोच शेवटचा. लोक टाळ्या वाजवायचे, घरी जायचे, आणि ते कागद कपाटात जायचे ते जायचेच.

या वर्षी कुणाला सांगायचं हे ठरवताना डॉक्टरांनी अण्णांच्या मुलीचं नाव काढलं. मुलगी संगीत शिकलेली, पण पोटासाठी ती टेलिफोनवरच्या धुना बनवायची. आपण एखाद्या कार्यालयात फोन लावतो, पलीकडची बाई "कृपया थांबा" म्हणते आणि मग कानात जे टिंगटिंग सुरू होतं, ते. स्वतःचं असं तिने जे काही लिहिलं होतं ते बहुतेक टेबलाच्या खणातच होतं.

"नको," अण्णा म्हणाले. "घरचीच मुलगी. लोक म्हणतील, बापाने सोय लावली."

"आपल्याला जिवंत संगीतकार हवा ना?" बाई म्हणाल्या. "ती जिवंत आहे. आज सकाळीच मी तिला तुमच्याकडे टोस्ट खाताना पाहिलंय."

"हं," भोंगा म्हणाला. झालं, ठराव पास.

रचना आली. चांगली होती. अण्णांनी घरी एकट्याने वाजवून पाहिली तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गाडी अडली ती तिसऱ्या पानावर. त्या पानावर अण्णांना वाजवायला काहीच नव्हतं. उभ्या रेघांमध्ये नुसती रिकामी घरं, एकापुढे एक, पान संपेपर्यंत. आधी चेलो थांबायचा, मग व्हायोला, मग बाई. आणि डॉक्टर एकटे राहायचे. त्यांचीही काही फार मोठी तान नव्हती. एक सूर, थोडं थांबणं, दोन सूर, पुन्हा थांबणं. आणि पान संपता संपता चेलोने खालून एक लांब सूर लावायचा, की सगळे परत येणार.

रात्रीच्या जेवणाला अण्णांनी विषय काढलाच.

"अगं, चेलोचं काम आधार द्यायचं असतं. वरचे तिघं बागडतात ते खाली मी उभा असतो म्हणून."

"माहीत आहे, बाबा."

"मग त्या पानावर मी काय करायचं?"

"काही नाही. ऐकायचं."

"ऐकायला लोक येतात की तिकीट काढून!"

"इतक्या वर्षांत मला जे जमलं नाही," बायको भात वाढत म्हणाली, "ते पोरीने कागदावर लिहून दाखवलं. ह्यांना गप्प बसवलं."

मुलगी हसली. मग ताटातलं शेवटचं बोटाने निपटत, अगदी सहज बोलल्यासारखी म्हणाली, "बाबा, बाकीचं सगळं मी त्या पानासाठी लिहिलंय. ते एकदा ऐकू येऊ द्या. लोक बसून ऐकतात का, ते मला बघायचंय. ऐकलं, तर मी लिहीत राहीन. नाही तर टिंगटिंग आहेच." आणि ताट उचलून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

तालमीत मग त्यांनी शहाण्यासारखी रिकामी घरं मोजली. ओठ हलवत, पायाचा अंगठा आपटत, चेलोच्या मानेवर बोटं वाजवत मोजली. मूग गिळून बसणं त्यांना कठीणच जात होतं, पण जमलं. दर वेळी जमलं.

चौकडीचा आणखी एक नियम इथे सांगायला हवा. तो बाईंनी घालून दिला होता. मंचावर चौघांतला एक जण चुकला, तर कोण बरोबर आणि कोण चूक याचा निवाडा करत बसायचं नाही. उरलेल्या तिघांनी तडक तो रचनेत असेल तिथे जायचं. "चूक झाली तरी चौघांची मिळून एकच झाली पाहिजे," त्या म्हणायच्या. या नियमाने चौकडीची अब्रू अनेकदा वाचवली होती. इतक्यांदा, की आता तो पाळावा लागत नसे. हात आपोआप पाळायचे.

प्रयोग वाचनालयाच्या वरच्या दालनात होता. खुर्च्या भरल्या होत्या. तिसऱ्या रांगेत कडेला अण्णांची बायको आणि मुलगी बसल्या होत्या. सुरुवात झकास झाली. बाई तर अशा रंगात होत्या की भोंग्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मग तिसरं पान आलं. अण्णा थांबले, भोंगा थांबला, बाई थांबल्या. डॉक्टर एकटे उरले.

अण्णा मोजत होते. एक सूर. थांबणं. दोन सूर. डॉक्टरांचा गज थरथरला, सूर जरासा फाटला, आणि पुढची शांतता नेहमीपेक्षा लांब वाटली. डॉक्टर अडले, अण्णांना वाटलं. गडी अडला! डॉक्टर अडखळले की खालून एक सूर टेकू म्हणून द्यायचा, हे अण्णांनी आयुष्यभर केलं होतं. त्यांनी आता काही ठरवलं नाही. मोजणं सुटलं आणि हात पुढे गेला. चेलोचा तो लांब, खोल सूर दालनात घुमला. सूर लागलाही उत्तम. फक्त तो जवळजवळ पानभर आधी लागला.

पुढे सगळं नियमाबरहुकूम झालं. बाईंची एक भुवई किंचित वर गेली. भोंग्याचा गज तारेवर उतरला. डॉक्टरांनी आपली ओळ अर्धवट टाकून उडी मारली. क्षणात चौघं एकत्र होते, आणि ते इतकं बेमालूम झालं की दालनात कुणाला शंकाही आली नाही. रचना पुढे गेली, चढली, संपली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मेलेल्या नामवंताचं वाजवताना असं झालं असतं, तर पहिल्या रांगेतले म्हातारे तिथल्या तिथे चुकचुकले असते. पण नव्या रचनेचं पान गळालं हे कळणार कुणाला? सगळ्या दालनात ते फक्त पाच जणांना माहीत होतं. चार मंचावर होते आणि एक तिसऱ्या रांगेत.

बाईंनी हात पुढे केला तशी मुलगी मंचावर आली. हसत होती. ते हसू अण्णा ओळखून होते. शाळेत नाटकातून तिला काढून टाकलं होतं तेव्हा "मला तसंही नकोच होतं" म्हणत ती अशीच हसली होती. ती लोकांसमोर वाकली, बाईंशी हात मिळवला, आणि अण्णांजवळून जाताना हळूच म्हणाली, "छान झालं, बाबा."

भांडली असती, तोंडावर दोन शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं.

"अण्णा, उठा," बाई ओठ न हलवता म्हणाल्या. "वाकायचंय."

अण्णा उठले. आता वाकलं की मध्यंतर, चहा, बिस्किटं. लोक येऊन पाठ थोपटणार. सोमवारी मुलगी कामावर जाणार. आणि ते पान खणात जाणार, कारण ते कधी कुणी ऐकलंच नव्हतं. अण्णांना स्वतःचा इतका राग आला की कानाच्या पाळ्या तापल्या. मंचावरून बोलायचं काम बाईंचं. अण्णांनी इतक्या वर्षांत तिथे चकार शब्द काढला नव्हता.

"थांबा," ते म्हणाले. आवाज चिरकला. टाळ्या चालूच होत्या. "अहो, थांबा जरा! खाली बसा."

लोक बसले.

"तुम्ही टाळ्या वाजवल्यात, उपकार आहेत. पण तुम्ही ऐकलंत ते पूर्ण नव्हतं. एक अख्खं पान मी गिळलं. या तिघांची काही चूक नाही, ते माझ्या मदतीला धावले. मला त्या पानावर गप्प बसायला सांगितलं होतं. मला बसवलं नाही."

कुणी तरी हसलं. सगळ्यात मोठ्याने अण्णांची बायको हसली.

"आणि ते साधंसुधं पान नाही. या मुलीने... म्हणजे या संगीतकाराने बाकी सगळं त्याच्यासाठी लिहिलंय. आम्ही परत वाजवतो. घाई असेल त्यांनी खुशाल जावं, माझा राग नाही."

मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. अण्णांचा जीव खालीवर झाला. पण ते गृहस्थ रस्त्याकडची खिडकी लावून परत आपल्या जागेवर येऊन बसले.

बाईंनी अण्णांकडे पाहिलं. गणित चुकलेल्या मुलाकडे त्या ज्या नजरेने बघत असतील, त्याच नजरेने पाहिलं. चूक लोकांना सांगायची, हे त्यांच्या नियमात कुठेच बसत नव्हतं. मग त्यांनी स्टँडवरचे कागद उलटे चाळले आणि म्हणाल्या, "सुरुवातीपासून."

"बरं," भोंगा म्हणाला.

मुलगी पायऱ्यांकडे निघाली होती. "तू कुठे चाललीस?" अण्णा म्हणाले. "इथेच थांब." ती त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. तिचा श्वास त्यांना ऐकू येत होता, आणि तो काही फार शांत नव्हता.

तिसरं पान आलं. अण्णांनी या वेळी गज सरळ मांडीवर आडवा ठेवला. भोंगा थांबला. बाई थांबल्या. डॉक्टर एकटे.

एक सूर. थांबणं. दोन सूर. गज पुन्हा थरथरला, आणि मघाचीच ती लांब शांतता आली. अण्णांची बोटं वळवळली, पण हात मांडीवरच राहिला. आणि मग त्या शांततेतून तिसरा सूर निघाला. बारीक, थोडा फाटका, पण स्वतःच्या पायांवर. डॉक्टर अडलेच नव्हते. ते तसंच लिहिलेलं होतं. तालमीत मोजायच्या नादात अण्णांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. तोल जात होता, सावरत होता, पुन्हा जात होता, आणि खाली कुणी नसताना तो सूर पडत नव्हता. आपण हललो की वरचे कोसळतील, असं अण्णांना जन्मभर वाटत आलं होतं. कुणी कोसळलं नाही. उलट डॉक्टरांनी इतकं सुंदर आजवर कधीच वाजवलं नव्हतं, कारण आजवर त्यांना एकटं कुणी सोडलंच नव्हतं. दालनात कुणी खोकत नव्हतं. पहिल्या रांगेतले म्हातारे मान पुढे काढून ऐकत होते. हे सगळं हिच्यात कधीपासून होतं, अण्णांना वाटलं, आणि आपल्याच घरात? त्यांना अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली. चष्म्यामागे डोळे भरून आले तरी त्यांनी पुसले नाहीत.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण मोजत नाही आहोत.

कुठलं घर चाललंय? किती झाली? काही म्हणता काही कळेना. डॉक्टरांचा सूर बारीक होत चालला होता. बाई समोर बघत होत्या, भोंगा खाली. अण्णांनी गज उचलला, तारेजवळ नेला आणि तसाच धरून राहिले.

खांद्यावर एक हात पडला. मागून, अगदी कानाशी, ती म्हणाली, "अजून थोडं ऐका."

अण्णा ऐकत राहिले. डॉक्टरांचा शेवटचा सूर हवेत राहिला, राहिला, आणि विरायच्या बेताला आला.

"बाबा, आता."

अण्णांनी गज तारेवर टेकवला आणि ओढला.