चौसष्ट वेढे

सरांना मोटर बिघडण्याची काळजी होती, मुलींची नव्हती. त्यामुळे मोटर दुरुस्तीच्या वर्गातली एकुलती एक मोटर वर्षभर कपाटात बंद, आणि मुली मागच्या बॅचच्या जर्नलवरून आकडे उतरवत बसलेल्या. प्रयोग सातवा, वाइंडिंग: एका खाचेत तांब्याच्या तारेचे चौसष्ट वेढे. झाली सही!

त्यातल्या एकीचा, घरातल्या धाकटीचा, जीव मात्र मेटाकुटीला आला होता. तिच्या थोरल्या भावाचं मोटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याने साफ सांगितलं होतं, "एक जळकी मोटर तुझ्या हाताने बांधून चालवून दाखव, मग दुकानात कामाला बस. सर्टिफिकेट काय, भिंतीला लाव."

शेवटी तिने त्याच्याच दुकानातली एक जळकी मोटर वर्गात नेली. वर्ग सुटल्यावर दोघी मैत्रिणी मदतीला थांबल्या. जुनी तार कापून ओढून काढली आणि सगळा गुंता भंगारात टाकला. वेढे मोजायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मोजायचे कशाला? जर्नलमध्ये होते की! चार दिवस बोटं सोलवटून घेत धाकटीने प्रत्येक खाचेत चौसष्ट वेढे भरले.

पाचव्या दिवशी वर्गात सरांसमोर बटण दाबलं. मोटर घुरघुरली, तापली आणि मिनिटभरात धूर सोडून मोकळी झाली.

"म्हणून सांगतो, हात लावू नका," सर म्हणाले.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, हे चौसष्ट आले कुठून?"

"पहिल्यापासून तेच आहे. मीही इथेच शिकलो."

"तुम्ही कधी मोजलेत?"

सर कपाटाचं कुलूप ओढून बघू लागले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तिला सरांची चीड आली, पण त्याहून जास्त स्वतःची. तार तिच्याच हातात होती. मोजायला पाच मिनिटं लागली असती.

दुकानात शिरताच भावाने विचारलं, "काय झालं?"

"जळली. वेढे न मोजताच तार काढली मी."

"सरांनी शिकवलं नाही?"

"नाही. आणि मीही विचारलं नाही, दादा."

भावाने कपाळाला हात लावला. मग कोपऱ्यातल्या तसल्याच एका जळक्या मोटरकडे बोट दाखवलं. "ही शेवटची. आणि मी काहीएक सांगणार नाही."

"नकोच सांगूस. सांगितलेलं उतरवून उतरवूनच ही वेळ आली."

तिने पहिल्या खाचेतल्या तारा कापल्या, टोकं पसरली आणि एकेक मोजली. अठ्ठ्याऐंशी. तिचा विश्वास बसेना, म्हणून तिने दुसरी खाच मोजायला घेतली.