न फिरवलेला स्क्रू

ऑर्लिन स्टेनने रायफल टेबलावर ठेवली आणि लिव्हर खाली ओढून ती उघडी करून दिली. सत्तेचाळीस वर्षं जुन्या बंदुकांच्या मेळाव्याच्या दारात उभं राहून तपासणी करून घ्यायची सवय होती त्याला. समोरची ट्विला या वर्षी पहिल्यांदाच दारावर बसली होती. तिने आत वाकून पाहिलं, करंगळी घातली, मग टॉर्च मारला.

"बॅरल रिकामी आहे," ती म्हणाली. "पण खालच्या, काडतुसांच्या नळीतलं पितळी बोंड दिसत नाहीये."

"दिसणार नाही. त्याला ढकलणारी स्प्रिंग मेलीय. शंभर वर्षांचं ग्रीस आहे आत, लाखेसारखं घट्ट झालंय."

"मग नळी रिकामी आहे हे मला कसं कळणार?"

"मी सांगतोय ना."

ट्विलाने मान हलवली. "स्टेनसाहेब, माझ्या सख्ख्या बापालाही मी मघाशी परत पाठवलंय. नळीच्या टोकाचा स्क्रू काढा, आत काय आहे ते दाखवा, मी प्लास्टिकची पट्टी बांधते आणि तुम्ही खुशाल आत जा."

मागे रांगेत ड्युएन रास्क उभा होता. चाळीस वर्षं लुइसटाउनमध्ये बंदुका दुरुस्त केलेला माणूस. तो एवढ्या जोरात हसला की त्याच्या कपातली कॉफी सांडली. "पोरी, तू काय बोलतेयस ते कळतंय का तुला? हा स्क्रू कारखान्यातून निघाल्यापासून कुणी फिरवलेला नाही. खाच बघ. आरशासारखी आहे. उद्या म्हणशील, बायबलची पानं धुऊन आणा."

"बायबलमधून गोळी सुटत नाही, ड्युएनकाका."

रांगेतले लोक हसले. ऑर्लिन हसला नाही.

त्याच्या घरी बारा जुन्या रायफली होत्या. त्यांतल्या अकरा त्याने स्वतः जमवलेल्या. ही बारावी, अठराशे त्र्याहत्तरच्या बनावटीची, त्याच्या बायकोच्या, मेर्नाच्या पणजोबांची. खोगिराला घासून दस्त्याची एक बाजू गुळगुळीत झालेली. लग्नात सासऱ्याने ती त्याच्या हातात दिली तेव्हा तो बायकोपेक्षा बंदुकीकडे जास्त वेळ बघत होता, असं सासू मरेपर्यंत सांगायची. बैठकीच्या खोलीत शेकोटीच्या वर, एल्क हरणाच्या शिंगांवर ती टांगलेली असायची. तिने घर कधी सोडलं नव्हतं.

मेर्ना जानेवारीत गेली. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली होती, "पणजोबांची रायफल या वर्षी मेळाव्यात ने. त्यांच्या नावाची पाटी लाव. पण आधी उघड, मग ने."

तो नेईन म्हणाला होता. उघडण्याबद्दल काही बोलला नव्हता. हे 'उघड' तो तीस वर्षं ऐकत आला होता. दर वसंतात घराची साफसफाई निघाली की मेर्ना फडकं हातात घेऊन म्हणायची, "एकदा आतून साफ करून घे ना रे ती." आणि तो दर वेळी सांगायचा की न फिरवलेला स्क्रू म्हणजे या बंदुकीची अब्रू आहे. एकदा स्क्रूची खाच खरवडली की ती परत येत नाही. मेर्ना गप्प बसायची.

आज ती पाटी त्याच्या कोटाच्या खिशात होती. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली. रायफल आत गेली नाही तर पाटीही जाणार नव्हती. मेर्नाने त्याच्याकडे मागितलेली ती शेवटची गोष्ट होती.

"स्क्रू ड्रायव्हर दे," तो ड्युएनला म्हणाला.

"अरे, वेड लागलं का तुला? पुढच्या वर्षी आण. तोवर दारावर दुसरं कुणीतरी असेल."

"पुढच्या वर्षाचं कुणी सांगितलंय? दे."

हॉलच्या मागे, गुरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लाकडी बाक होता. तिथे ड्युएनने आपली हत्यारांची पेटी उघडली; ट्विलाही बघायला मागोमाग आली. त्याच्याकडे खाचेच्या मापाला घासून बसवलेले स्क्रू ड्रायव्हर होते. त्याने त्यातला एक निवडला, खाचेत तेलाचा थेंब सोडला आणि ऑर्लिनच्या हातात दिला. "तूच फिरव. मला हे पाप नको."

स्क्रू लोण्यातून फिरावा तसा फिरला. खाचेला काही झालं नाही. नळीच्या टोकाचं बूच बाहेर आलं आणि मागोमाग गंजलेली स्प्रिंग थोडी उसळून थांबली. मेलेलीच होती ती. ऑर्लिनने ती हाताने ओढून काढली. पितळी बोंड आतच चिकटलं होतं. ड्युएनने पातळ तेल सोडलं, दहा मिनिटं थांबले, मग नळीचं तोंड खाली करून लाकडी दांडीने हळूहळू ठोकलं. बोंड बाकावर पडलं. आणि त्याच्यामागे एक काडतूस सरकत आलं.

"थांब," ट्विला म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "कुणी पुढे उभं राहू नका."

दुसरं आलं. तिसरं. एकूण पाच. पाचही न उडालेली.

मग ड्युएन म्हणाला, "देवा! मेर्नाच्या पणजोबाने भरलेलीच सोडली होती. शंभर वर्षं. ऑर्लिन, हे तर संग्रहालयात जायला हवं."

ऑर्लिनने एक काडतूस उचलून बूड पाहिलं. बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीभोवती जांभळ्या रंगाचं बारीक कडं होतं.

तो स्वतः काडतुसं भरायचा. ओल शिरू नये म्हणून टोपीभोवती नखांचा रंग लावायचा, मेर्नाच्या उरलेल्या बाटल्यांतला. हा जांभळा तिने कॉरिनच्या लग्नासाठी आणला होता. मुलीचं लग्न झालं, बाटली त्याच्या कामाच्या टेबलावर आली आणि एका हिवाळ्यात संपली. तो हिवाळा नव्वद-एक्क्याण्णवचा.

"ही जुनी नाहीत," तो म्हणाला. "ही माझी आहेत."

"तू भरलीस?" ड्युएनने विचारलं.

"मी या बंदुकीत काडतूस घालीन?"

ऑर्लिनचा नियम सगळ्या गावाला माहीत होता: या बंदुकीत कुणी काडतूस घालायचं नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मेर्नाच्या भावाने गंमत म्हणून या बंदुकीत एक काडतूस सरकवलं होतं. ऑर्लिनने त्याला जेवणाच्या ताटावरून उठवून बर्फात उभं केलं होतं, आणि मेर्नाला सगळ्यांसमोर म्हणाला होता, पुन्हा असं झालं तर तुझ्या माणसांनी या घरात पाऊल टाकायचं नाही. तिच्या घरच्यांचीच बंदूक, आणि तिलाच.

त्याला एकदम आठवलं. एक्क्याण्णवच्या वसंतात त्याने लिव्हर उघडली होती आणि पितळी बोंड आत गेलेलं पाहिलं होतं. हिवाळ्याआधी ते दिसायचं. म्हातारी स्प्रिंग अखेर मेली, असं त्याने मनाशी म्हटलं. उणीव होती, म्हणून कुणाला सांगितलीही नाही.

त्याने फोन काढला. कॉरिनने दुसऱ्याच रिंगला उचलला.

"डॅड? लावली का पाटी?"

"कॉरिन, मी रायफल उघडली."

मग ती म्हणाली, "आधी कुठेतरी बस."

"तुला माहीत होतं?"

"बसलास का?"

तो बाकावर बसला. ट्विला आणि ड्युएन चार पावलं लांब गेले, पण ऐकू येत होतंच.

"तू पाय मोडून बिलिंग्जच्या हॉस्पिटलात होतास," कॉरिन म्हणाली. "तीन आठवडे. तू कामावरून काढून टाकलेला तो गडी आठवतो? तो दोनदा आला. दुसऱ्यांदा दार उघडायचा प्रयत्न केला त्याने. तुझ्या बाकीच्या बंदुका कपाटात, किल्ली तुझ्या खिशात. भिंतीवर हीच एक. आईने तुझ्या टेबलावरची काडतुसं बाजूच्या झडपेतून आत ढकलली. ती आत गेली आणि परत आलीच नाहीत. ती लिव्हर ओढत राहिली, काही येईना. न उडणारी बंदूक दाराकडे रोखून बसून राहिली. तो निघून गेला."

"मला काही बोलली नाही ती."

"तुला?" कॉरिन म्हणाली. "डॅड, तिने मलाही आठ वर्षांनी सांगितलं. एरिकाला थप्पड मारली तेव्हा."

ती थप्पड ऑर्लिनला चांगली आठवत होती. मेर्नाने जन्मात कुठल्या मुलावर हात उचलला नव्हता. नात एरिका तेव्हा पाच वर्षांची. त्यानेच रायफल खाली काढून तिच्या हातात दिली होती, लिव्हरचा खटखट आवाज ऐकवायला. पोरगी ती आजीकडे रोखून चाप ओढत होती आणि तो हसत होता. मेर्ना स्वयंपाकघरातून किंचाळत आली. त्याने पोरीला कडेवर घेतलं आणि बायकोला म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं? रिकामी बंदूक आहे ती."

"म्हणून तुम्ही त्यानंतर आमच्याकडे न राहता मोटेलमध्ये उतरायला लागलात," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, थप्पड मारली म्हणून तुला राग आलाय."

"तुला तसं वाटू दिलं. तिने शपथ घातली होती. डॅड, तिने ती शेकोटीसुद्धा पेटवू दिली नाही कधी. धुराने दम लागतो म्हणायची. ग्रीस वितळून काडतुसं सुटतील म्हणून घाबरायची ती."

"ड्युएनकडे न्यायची होती गुपचूप."

"ड्युएनने संध्याकाळपर्यंत तुला सांगितलं असतं." ड्युएनने खाली मान घातली. "ती तुला सांगतच होती. दर वर्षी. 'उघड' म्हणायची ना?"

"कारण नाही सांगितलं कधी!"

कॉरिन रडत होती. "त्या गड्याला ती तीन आठवडे घाबरली, डॅड. पुढचं सगळं तुझ्यामुळे."

फोन ठेवल्यावर ऑर्लिनला हात कुठे ठेवावेत ते कळेना. आठवड्यातून दोनदा ती स्टुलावर चढून धूळ पुसायची. बॅरलचं तोंड तिच्या गळ्याच्या उंचीवर यायचं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो चाप ओढून दाखवायचा आणि ती तेव्हा नेमकी कॉफी आणायला उठायची. त्याला वाटायचं, तिला बंदुकांचा कंटाळा आहे.

ड्युएन जवळ आला. त्याने स्क्रू परत बसवला होता. "हे बघ," तो हळूच म्हणाला. "खाचेला काहीही झालेलं नाही. देवाशप्पथ, कुणाला कळणार नाही. मेळाव्यातल्या स्पर्धेच्या फॉर्मवर 'न फिरवलेला' लिही. बक्षीस तुझंच आहे. मेर्नाचं नाव कोरतील त्यावर."

ऑर्लिनने फॉर्म मागितला. 'एकही स्क्रू फिरवलेला आहे का?' या प्रश्नापुढे त्याने 'हो' लिहिलं. मालकाच्या नावाच्या जागी मेर्ना स्टेन लिहिलं. पेन कागदातून आरपार गेलं, म्हणून त्याने ते पुन्हा लिहिलं.

ट्विलाने रायफलीला पट्टी बांधली. पाचही काडतुसं तिने वाळूच्या बादलीत ठेवली.

"ट्विला," तो म्हणाला, "घरी अजून अकरा आहेत. एकीचीही नळी मी उघडलेली नाही. तू रविवारी येशील का?"

"अकराच्या अकरा?" ड्युएन ओरडला. "अरे, त्यांतल्या चार तर..."

"तूही ये," ऑर्लिन म्हणाला. "पेटी घेऊन ये. स्क्रू मी फिरवीन."

मग त्याने रायफल उचलली. खिशातली पाटी काढायला त्याला एक हात मोकळा हवा होता, म्हणून ट्विलाने दुसरं टोक धरलं.