उडीचं गाणं

सुभाष संतापला की आधी त्याचे कान लाल होतात, मग आवाज चढतो आणि मग तो ताटावरून उठतो. त्या रविवारी हे तिन्ही एकदमच झालं. त्याच्या बायकोने, उर्मिलाने, बिचारीने कौतुकानेच मोबाइल पुढे धरला होता. व्हिडिओत सुभाषचा जुना शिष्य निकेत बेंजो वाजवत होता आणि खाली लिहिलं होतं, ‘अमेरिकन रोड साँग, भाईंदर स्टाइल. संगीत संयोजन : निकेत.’

“संयोजन निकेत?” सुभाष ओरडला. “ह्याला नखी कशी धरायची ते मी शिकवलं! नाक पुसायची अक्कल नव्हती तेव्हा!”

“अहो, हळू बोला. शेजारी ऐकतायत.”

“ऐकू देत! अख्ख्या भाईंदर पूर्वेला ऐकू जाऊ दे!”

राग काही उगाच नव्हता. सुभाष मूळचा रत्नागिरीचा. भाईंदरला आला तो स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला लागला आणि सुट्टीच्या दिवशी बेंजो पार्टीत वाजवू लागला. हळद असो, गणपती असो, तो बसला की म्हाताऱ्याकोताऱ्यांचेही पाय हलायचे. तरुणपणी बोटीवर काम करणाऱ्या मामाने त्याला एक कॅसेट आणून दिली होती. तिच्यात हे अमेरिकन गाणं होतं. लांबच लांब रस्ता, आणि त्या रस्त्यावर लागणाऱ्या गावांची नावं गायक एकामागून एक घेत जातो. शब्द एक कळत नव्हता, पण चाल सुभाषच्या अंगात भिनली.

पुढे टेपरेकॉर्डरने ती टेप खाल्ली. सुभाषने चुरगळलेला भाग ब्लेडने कापून टाकला आणि टोकं चिकटपट्टीने जोडली. त्या भानगडीत एक अख्खी ओळ गेली, आणि चाल मध्येच टुणकन पुढे जायला लागली. नोटेशन कुणाच्या बापाला येत होतं? ऐकायचं आणि वाजवायचं. ऐकून ऐकून त्याला गाणं तसंच वाटायला लागलं. त्या जागी त्याने ताशाची एक थाप घातली, आणि जवळच्याच मोरवा गावातल्या एका हळदीत त्या थापेवर बायकांनी उडी घेतली. झालं, तेव्हापासून मोरव्यात हळद म्हटली की हे गाणं आणि ही उडी ठरलेली. बाकीच्या पार्ट्यांनीही ते उडीसकट उचललं.

मग गाळ्यातल्या प्रेस मशीनखाली सुभाषच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. बेंजो कपाटावर चढला. आपलं म्हणून दाखवायला त्याच्याकडे हे एकच गाणं उरलं होतं, आणि आता तेही निकेतच्या नावावर लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो तडक बेव्हर्ली पार्कला निकेतच्या घरी गेला. निकेत नुकताच ऑफिसमधून आला होता. पोरगं वाईट नव्हतं. त्याने पाणी दिलं, खुर्ची दिली.

“काका, टेन्शन नका घेऊ. गाणं तर अमेरिकेचं आहे ना?” तो लॅपटॉप उघडून दाखवायला लागला. “हे बघा, पियानोवर. हे गिटारवालं. ही बाई बघा, किती संथ घेतेय. ही जपानी पोरं. शेकडो लोकांनी वाजवलंय. ज्याने वाजवलं त्याचं व्हर्जन.”

“मग तू त्यांचं वाजव की! माझं का वाजवतोयस? ती उडी ह्यांच्यातल्या एकाकडे तरी आहे का, दाखव!”

निकेतने कान देऊन ऐकलं. पुन्हा ऐकलं. उडी कुणाकडेच नव्हती. सुभाषने छाती भरून श्वास घेतला.

“मला पैसे नकोत, काही नको. मोरव्याच्या हळदीत एकदा माइकवर सांग, हे सुभाषकाकांनी बसवलं. बस.”

पण निकेत अजून स्क्रीनकडेच बघत होता. “काका, म्हणजे ती चूकच आहे. इथे अख्खी ओळ मिसिंग आहे आपल्याकडे!” तो हसला. “मी करेक्ट करून वाजवतो. मग तर तुमचं काही घेतलं असं नाही ना होणार?”

कुचकटपणे बोलला असता तर सुभाषने कानाखाली जाळ काढला असता. पण पोरगं मनापासून, तोडगा सापडल्याच्या आनंदात बोलत होतं. सुभाष पाण्याचा ग्लास आपटून उठला.

मोरव्यातली पुढची हळद सुलूबायच्या नातवाची होती. सुभाष मेला तरी जाणार नव्हता. हळदीच्या संध्याकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला, कारण राग घरात बसून गिळता येत नव्हता.

अंगण भरलं होतं. निकेतने गाणं सुरू केलं आणि बायका उठल्या. पोरगं सुरेख वाजवत होतं, हे सुभाषला कबूल करावं लागलं. मग ती जागा आली. सगळ्या अंगणाने उडी घेतली, पण चालीने घेतलीच नाही. निकेत ती गाळलेली ओळ अगदी शुद्ध, एकेक सूर मोजून वाजवत होता. बायका एकमेकींवर आदळल्या. करवलीच्या हातातली हळदीची वाटी नवऱ्याच्या मामाच्या डोक्यावर पालथी झाली.

“ए, बंद कर!” सुलूबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “यो काय वाजवतस? आमचा गाना वाजव!”

“आजी, हे ओरिजिनल आहे. बरोबर असंच आहे.”

“माना शिकवतस? यो आमचा जुना गाना हाय. माझे सासूचे हलदीला पन वाजलाय!”

सुभाषला राहवलं नाही. “सुलूबाय, सासूच्या नाही! हे गाणं मी आणलं. मी बसवलं!”

सुलूबायने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि मग एखाद्या पाव्हण्याला समजवावं तसं समजावलं. “तू गप बस, बाबा. तू भायेरचा. तुला न्हाय कलाचा.”

सुभाषचे कान पेटले. तो भाईंदरला आला तेव्हा सुलूबायची सासू कधीच गेली होती! सांगायचं होतं, ओरडून सांगायचं होतं, पण सुलूबाय पाठ फिरवून परत रिंगणात गेली होती. बायकांनी एकमेकींचे हात धरले होते आणि उडीसाठी पदर खोचले होते.

निकेतचा चेहरा उतरला होता. बेंजो बाजूला ठेवून तो माइक घेऊन सुभाषजवळ आला.

“काका, चुकलं माझं. आत्ता सगळ्यांसमोर सांगतो. हे गाणं तुम्ही...”

सुभाषने माइकवर पंजा ठेवला. हेच तर त्याला हवं होतं. पण तिकडे अख्खं गाव एक पाय पुढे टाकून ताटकळत उभं होतं.

“नाव कसलं सांगतोस, मूर्खा?” तो खेकसला. “बाया खोळंबल्यात. वाजव!”