सायकल पुढे गेली

"हनुवटी वर. खांदा मागे. श्वास घ्या... धरा," काचेमागून एक्स-रेवाला म्हणाला. मशीन घरघरलं. "हं, सोडा आता."

तिनं श्वास सोडला. खांदा जागेवर यायला जरा वेळ लागला. एक्स-रेवाला बाहेर आला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत घुटमळला.

"ताई, एक विचारू? राग नाही ना येणार? तुम्ही त्याच ना, सायकलवाल्या?"

पुढचं सगळं तिला पाठ होतं. तो काय म्हणणार, हाताने काय करून दाखवणार, तेही.

"म्हणजे तुम्ही खाली, आणि सायकल आपली एकटीच..." त्यानं तळहातानं हवेत एक टेकाड चढवलं आणि अलगद उतरवलं. "काय उतरली हो! आमच्या बायकोनं तो व्हिडिओ ठेवलाय अजून. डोकं उठलं की बघते. हसून हसून पोट दुखतं म्हणते."

"हे हाड तेव्हाच मोडलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता ज्याचा फोटो काढलात ते."

त्यानं पडद्याकडे पाहिलं. गळ्याखालच्या हाडावर धातूची पट्टी होती, तिच्यात स्क्रू होते आणि शेवटचा स्क्रू किंचित तिरका झाला होता.

"असं होय?" तो म्हणाला. "पण सायकल काय उतरली!"

डॉक्टरांनी फोटो बघितला. "चालवा हवी तर. पडू मात्र नका," एवढंच म्हणाले.

*

घरात आणि ट्रॅकवर तिला नाकतोडी म्हणत. हे नाव दादानं ठेवलेलं. लहानपणी ती सरळ चालायचीच नाही. पायरी असो, गटार असो, उडी मारूनच पलीकडे. पुढे सायकलवरून पडून नाक मोडलं, तेव्हा आई कपाळाला हात लावून म्हणाली, "नाव नाकतोडी म्हणून काय स्वतःचंच तोडायचं?"

त्यांच्या वस्तीच्या टोकाला एक इमारत पायाच्या खड्ड्यापर्यंत येऊन रखडली होती. उपसलेल्या मातीचे ढीग तसेच पडून होते. दादानं कुठून तरी फावडं आणलं आणि त्या ढिगांना आकार दिला: एक चढण, मधे खड्डा, पलीकडे उतरण. माती ओली करायची, फावड्याच्या पाठीनं थापायची, सुकेपर्यंत कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही. दादाला स्वतःला उडी मारायची भीती वाटायची. त्यामुळे तो बांधायचा आणि ती उडायची. वडील नव्हते. आई पडदे शिवायची. पडद्यांच्या उरलेल्या कापडातून तिनं लेकीच्या पँटच्या गुडघ्यांना ठिगळं लावली. शर्यतीच्या रांगेत फुलाफुलांचे गुडघे दिसले की लोक समजायचे, नाकतोडी आली.

बीएमएक्सची, म्हणजे मातीच्या टेकाडांवरून छोट्या सायकली पळवायची शर्यत, मिनिटभराचाही खेळ नाही. आठ जणी एका फळीला चाकं टेकवून उभ्या राहतात, फळी धाडकन खाली पडते आणि मग पहिलं वळण. त्या वळणावर जी पुढे, ती बहुतेक वेळा शेवटपर्यंत पुढे. नाकतोडी अंगानं हलकी. दांडग्या पोरी वळणावर कोपर मारून तिला कडेला ढकलायच्या. टेकाडांवर ती पुन्हा त्यांना गाठायची, पण वळणावर जे हातचं जायचं, ते हवेत सगळं कधीच परत मिळायचं नाही. ती दुसरी यायची. तिसरी यायची. पुन्हा दुसरी. "दुसरेपणाची नोकरी लागलीय मला," ती म्हणायची. तरीही एका सायकल कंपनीनं तिला करारावर घेतलं, अंगावर नाव छापलेला शर्ट दिला, आणि पुढची कैक वर्षं ती बसमध्ये, क्रीडागृहांच्या लोखंडी पलंगांवर आणि फळीमागे उभी राहून जगली.

देशाची स्पर्धा तिनं एकदा जिंकली. अगदी स्वच्छ, पहिल्या वळणापासून पुढे राहून. त्याचं चित्रण दादानं केलं होतं. त्यात निम्मा वेळ दादाचं बोट दिसतं आणि उरलेला वेळ दादाचं ओरडणं ऐकू येतं. ते आजवर घरच्यांखेरीज कुणी पाहिलेलं नाही.

मग तिनं मातीच्या उड्यांच्या स्पर्धाही सुरू केल्या. तिथे शेजारी कुणी नसतं, कोपर नसतं. तुम्ही एकट्या, ओळीनं टेकाडं, आणि हवेत काय करता याला गुण. तिथे ती पहिली येऊ लागली. अशाच एका मोठ्या अंतिम फेरीत, सगळ्यांच्या पुढे असताना, तिनं उलटी कोलांटी घेतली. सायकलसकट, मागच्या बाजूला, पूर्ण वर्तुळ. मधेच वाऱ्याचा झोत आला. वर्तुळ अर्धवट राहिलं. तिनं सायकल सोडली, ती स्वतः खांद्यावर आपटली. आणि सायकल चाकांवर उतरली, झोकात पुढच्या टेकाडावर चढली, हवेत गेली, पलीकडे अलगद टेकली आणि अंतिम रेषा ओलांडून एका पंचाच्या खुर्चीला जाऊन टेकून उभी राहिली.

सगळं जग हसलं. कंपनीनं आधी फुलं पाठवली आणि नंतर त्याच व्हिडिओची जाहिरात केली: 'चालवणारा पडेल, आमची सायकल नाही.' करार संपला तेव्हा साहेब म्हणाले, आता आम्हाला नवे चेहरे हवेत. हाड जुळल्यावर ती शर्यतीत परतली, पण फळीमागे उभी राहिली की प्रेक्षकांतून आवाज यायचा, "सायकलला एकटीला सोडा हो, जिंकेल!" कान बंद करून पेडल मारता येत नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांतच ती बाद होत गेली. मग बोलावणीच थांबली.

*

"पुन्हा सांग. काय म्हणाला तो?" नाकतोडीनं विचारलं.

दादा जेवणाच्या टेबलाशी बसून नखांतली माती काढत होता. आता तो खोदाईचं यंत्र चालवायचा. एका मोठ्या दुकानाच्या उद्घाटनाला सायकलींचा खेळ होणार होता. टेकाडं बांधायचं काम त्याला मिळालं होतं, आणि त्याच्याच शब्दावर आयोजकानं नाकतोडीलाही बोलावलं होतं.

"म्हणाला, उड्या मार. आणि शेवटी..."

"शेवटी काय?"

"शेवटी सायकल सोडून दे. तू गादीवर पडायचं. जाड गादी आहे, मी बघितली."

"आणि तू हो म्हणालास?"

"मी बघतो म्हणालो."

"दादा!"

"अगं, काय बिघडतं? हसतात तर हसू देत. पंधरा वर्षं मी माती थापली ती काय टाळ्या नको म्हणून? तुला आता कोण बोलावतंय सांग ना. कोण?"

हे त्याच्या तोंडून निसटलं. निसटल्यावर त्यानं मान खाली घातली, पण शब्द परत घेतला नाही. तिनं खिशातून घडी केलेला जाहिरातीचा कागद काढून त्याच्यासमोर टाकला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ती पुन्हा येतेय!' खाली चित्र होतं. चित्रात ती नव्हती. हवेत उडणारी सायकल होती, रिकामी, आणि सायकलला हसरे डोळे काढले होते.

"ती म्हणजे कोण, ते तरी विचारलंस का त्याला?"

आई शिलाई यंत्राशी होती. यंत्र थांबलं.

"मी तो व्हिडिओ पुष्कळदा बघितलाय," आई म्हणाली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती कधी त्याबद्दल बोलली नव्हती. त्यानंतर एकाही स्पर्धेला आली नव्हती. "फोटो काढणाऱ्यानं सगळा वेळ सायकलच धरलीय. तू डाव्या कडेला राहतेस. आधी पाय दिसतात, मग नुसता बूट. मग तोही जातो. मी दर वेळी तिथंच बघते. बूट हलतो का म्हणून."

"हलतो का?" नाकतोडीनं विचारलं.

"नाही." आईनं सुईत दोरा ओवायला घेतला. "तुम्हाला काय करायचं ते करा. मी काही येणार नाही."

*

खेळाच्या दिवशी सकाळपासून विघ्नं. ध्वनिक्षेपक बिघडला, तो दुरुस्त झाला तर पाहुणे उशिरा आले, पाहुणे आले तर वारा सुटला. "नकटीच्या लग्नाला म्हणतात ते हेच," दादा पुटपुटला. नाकतोडी हसली नाही. दुकानामागच्या मोकळ्या पटांगणात त्यानं तीन टेकाडं बांधली होती. नाकतोडी एकेकावर चालून आली. कडा कशा धारदार काढल्या होत्या! मधली चढण जुन्या वस्तीतल्या पहिल्या चढणीसारखीच, जरा उजवीकडे झुकलेली. दादाचा हात असाच होता.

आयोजक चॉकलेटी बूट घालून मातीच्या कडेकडेनं चालत आला. "मॅडम, दुसऱ्या टेकाडावरून उडालात की सायकल सोडायची. गादी डाव्या हाताला. लोकं त्याचसाठी आलीत, बरं का."

"गादी काढा तिथून," ती म्हणाली.

"अहो, पण आपलं बोलणं झालंय..."

"माझं झालेलं नाही. उतरणीवर गादी असेल तर मी चढणारच नाही."

त्यानं दादाकडे पाहिलं. दादानं खांदे उडवले, मग जाऊन गादीचं एक टोक धरलं. दुसरं कुणी धरेना, म्हणून एकट्यानंच ती फरफटत पहिल्या टेकाडाच्या कडेला नेली.

उंच मचाणावर ती उभी राहिली. खाली माणसं दाटीवाटीनं होती आणि सगळ्यांचे फोन वर होते. कुणीतरी ओरडलं, "बाई, नीट पडा हां!" हशा पिकला. वारा डाव्या गालावर येत होता. तिनं वाट पाहिली. लोक चुळबुळले, शिट्ट्या झाल्या. आयोजक ध्वनिक्षेपकावर काहीबाही विनोद करत राहिला. गालावरचा वारा पडला तशी ती निघाली.

पहिलं टेकाड तिनं साधंच घेतलं, वेगासाठी. दुसऱ्याच्या चढणीवर अंग मागे टाकलं, हँडल छातीशी ओढलं. आकाश आलं, मग उलटी माणसं, मग बराच वेळ काहीच नाही. खांद्यात कळ उठली. हात सुटू बघत होते. तिनं ते सोडले नाहीत. मान मागे ताणून ती जमीन शोधत राहिली, आणि माती दिसली, जिथे असायला हवी तिथेच. चाकं टेकली. पायांनी तो भार झेलला. तिसऱ्या टेकाडावरून ती सरळ उडाली आणि पटांगणाच्या टोकाला जाऊन थांबली.

टाळ्या झाल्या. नाही असं नाही. मधूनमधून, पत्र्यावर चार थेंब पडावेत तशा. बरेच फोन अजून वरच होते, काहीतरी व्हायचं राहिलंय अशा थाटात.

"झालं?" एक बाई शेजारणीला म्हणाली. "पडलीच नाही की."

"पुन्हा! पुन्हा!" मागून घोष सुरू झाला. आयोजकानं तिच्याकडे पाहिलं. तिनं हेल्मेट काढलं आणि मानेनं नाही म्हटलं. मग त्यानं मचाणाकडे बघून हात हलवला. वर तिची जादा सायकल ठेवलेली होती. कुणीतरी ती धरली आणि उतारावरून रिकामीच ढकलून दिली. पहिल्या टेकाडाच्या पायथ्याशीच तिचं चाक वळलं, ती भेलकांडली आणि कडेच्या गादीवर जाऊन आडवी पडली. लोक असे हसले, असे हसले! एकानं तर डोळे पुसले.

नाकतोडी तोंडातली धूळ थुंकली. तिला मचाणावर चढून त्या ढकलणाऱ्याच्या कानाखाली आवाज काढायचा होता. आयोजकाचा ध्वनिक्षेपक हिसकावून काहीतरी सांगायचं होतं. पण काय सांगणार? हवेत पुरं वर्तुळ झालं होतं. ज्यांना ते दिसलं नाही, त्यांना ते बोलून कसं दाखवायचं? ती गेली आणि गादीवरची सायकल उचलून बाजूला उभी केली. हँडल वाकडं झालं होतं.

माणसं दुकानात शिरली. आत काहीतरी फुकट वाटत होते.

संध्याकाळपर्यंत पटांगण सपाट करून द्यायचं होतं, दुसऱ्या दिवसापासून तिथे गाड्या लागणार होत्या. दादा यंत्राकडे निघाला आणि दुसऱ्या टेकाडाच्या उतरणीपाशी थबकला. उकिडवा बसला. मऊ मातीत चाकांचा ठसा उमटला होता. पुढच्या चाकाचा आणि मागच्याचा, एकावर एक, एकच रेघ. जिथे टेकायला हवं तिथे सुरू झालेली आणि कुठेही न थरथरता खाली गेलेली.

"नाकतोडे," त्यानं हाक मारली. "इकडे ये. हे बघितलंस?"

ती आली. दोघं बघत राहिली.

"फोटो काढू?" त्यानं विचारलं.

"तुझं बोट येईल मधे," ती म्हणाली.

तो हसला नाही. "मी त्याला बघतो म्हणायला नको होतं."

"घे यंत्र. अंधार पडायच्या आत संपव."

दादा यंत्रावर चढला. त्यानं सुरुवात पलीकडून केली, तिसऱ्या टेकाडापासून. मग पहिलं मोडलं. मग मचाणाखालचा भराव काढला. दुसऱ्या टेकाडाला त्यानं सगळ्यात शेवटी हात लावला, तोही चढणीच्या बाजूनं. माती खचत खचत रेघेपर्यंत आली आणि तीही खाली गेली. कुंपणाच्या कोपऱ्यात यंत्राचा पंजा पोचत नव्हता. तिनं दुखरा खांदा सांभाळत दुसऱ्या हातानं फावडं उचललं आणि तिथली राहिलेली माती ओढायला घेतली.