लाल दांड्याचे दोन तुकडे

नॉस्के कुटुंबात दोन प्रश्न सेहेचाळीस वर्षं लोंबकळत पडले होते. एक, आईच्या झाडूचा लाल दांडा कुणी कापला. आणि दोन, सत्याहत्तर सालच्या ईस्टरच्या शर्यतीत खाणीच्या उडीवर ग्लेनिसनं ॲक्सिलरेटरची मूठ का सोडली. खरं तर दोन्हींची उत्तरं घरात कधीच ठरून गेली होती. झाडू ग्लेनिसनं कापला, कारण दुसरं कोण कापणार. आणि मूठ सोडली ती भीतीनं, कारण दुसरं काय असणार.

आई मरेपर्यंत त्या आखूड झाडूनं कमरेत वाकून केर काढायची आणि पाहुण्यांसमोर कंबर धरून म्हणायची, "ही ग्लेनिसची कृपा." नवीन झाडू घ्यायला तिला कुणी बंदी केली नव्हती. पण मग तक्रार कशाची करणार?

दुसऱ्या गोष्टीची तर पाटीच लागली होती. ॲडलेडपासून लांब, टॅलोना गावाबाहेर, मरे नदीच्या अलीकडं, चुनखडीची जुनी खाण आहे. मोटरसायकल क्लबचा ट्रॅक तिच्यातूनच जातो. खाणीच्या कडेवरून गाडी हवेत जाते आणि एका घराएवढी खाली उतरते. हवेत असताना मूठ सोडली की पुढचं चाक खाली झुकतं आणि माणूस हँडलवरून पुढं फेकला जातो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. एकोणीस वर्षांची ग्लेनिस तिथं पहिल्याच फेरीत सगळ्यांत पुढं असताना पडली. खांद्याचं हाड मोडलं, दोन दात गेले, आणि पुढच्याच वर्षी कुणीतरी कडेवर फळी ठोकून रंगानं लिहिलं, 'ग्लेनिसची माघार'. फळी दोनदा कुजली. दोन्ही वेळा नवी लावली गेली.

ग्लेनिसला त्या क्षणाचं काही आठवत नव्हतं. खाणीची कड आठवत होती, मग आभाळ, मग इस्पितळाचं छत. मधलं सगळं तिला इतरांनी सांगितलं, आणि तिनं ते खरं मानलं. ती पुन्हा शर्यतीत उतरली नाही. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली, बसचं इंजिन स्वतः उघडून दुरुस्त केलं, आणि डेपोची प्रमुख हो म्हणून दोनदा विचारलं तेव्हा दोनदा नको म्हणाली. आपण ऐनवेळी कच खातो, आपला स्वभावच तो, असं ती स्वतःला बजावायची. माणसाला स्वतःबद्दलची वाईट गोष्ट किती लवकर पटते!

ती निवृत्त झाली त्याच वर्षी वडिलांची संत्र्यांची बाग विकली गेली. संत्री भरायच्या शेडमध्ये, रिकाम्या पेट्यांखाली, तीच पंचाहत्तर सालची अडीचशे सीसीची पिवळी जपानी गाडी निघाली. वडिलांनी बहीणभावांत मिळून घेतलेली. ग्लेनिस पडल्यापासून गाडीला कुणी हात लावला नव्हता. थोरला भाऊ केल्विन म्हणाला, "भंगारात देऊन टाकतो. उगाच जागा अडते."

"जागा माझी अडेल," ग्लेनिस म्हणाली, आणि गाडी ट्रेलरवर घालून घरी घेऊन आली.

काम आठ महिने चाललं. हवेच्या डब्यात उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेल्या होत्या. पिस्टन सिलिंडरात घट्ट रुतून बसला होता. त्यावर डिझेल ओतून तिनं पंधरा दिवस वाट बघितली. गंजलेल्या भागांना तिनं काकवीत घातलं. जनावरांच्या खाद्याच्या दुकानातून काकवीची बादली आणायची, पाण्यात कालवायची आणि लोखंड त्यात महिनाभर बुडवून ठेवायचं. वास असा सुटतो की शेजारी बोलेनासे होतात, पण गंज झक्कास निघतो.

दर मंगळवारी केल्विन यायचा. अडुसष्ट वर्षांचा, गुडघ्यांनी अधू, पण आवाज असा की लाउडस्पीकरची गरज नाही. तरी तीस वर्षं क्लबचा माईक त्याच्याच हातात होता. येताना तो ब्रेड आणि फ्रिट्झ नावाच्या जाड सॉसेजच्या चकत्या आणायचा, त्यावर टोमॅटो सॉस ओतायचा, आणि पेटीवर बसून न विचारलेले सल्ले द्यायचा. हात मात्र एकाच गोष्टीला लावायला तयार होता, पुढचं चाक धरून धक्के झेलणाऱ्या फोर्कला.

"पुढचा फोर्क माझ्यावर सोड," तो म्हणायचा.

"का? मी बसचं गिअरबॉक्स खोललंय. दोन नळ्या आणि दोन स्प्रिंगा मला जड आहेत का?"

"ॲडलेडमध्ये माझ्या ओळखीचा माणूस आहे. नळ्यांना मुलामा देऊन, सील बदलून, नवाकोरा करून देईल."

"नळ्या सरळ आहेत, केल. मी काचेवर लोळवून बघितल्या."

"अगं, थोरला आहे मी. ऐक की कधीतरी."

"थोरल्याचं ऐकलं असतं तर गाडी भंगारात असती."

ईस्टरला पाच आठवडे उरले असताना एका मंगळवारी केल्विन गुडघा दाखवायला डॉक्टरकडं गेला. ग्लेनिस वाट बघून कंटाळली. इंजिन चालू झालं होतं, चाकं बसायची होती, फोर्क तेवढा अडला होता. तिनं डाव्या नळीवरच्या टोपणाला पाना लावला. टोपण घट्ट फिरत होतं, शेवटच्या आट्यापर्यंत घट्टच. मग फटाका वाजावा तसा आवाज झाला, टोपण तिच्या कानाजवळून गेलं आणि पत्र्याच्या छताला खोक पाडून खाली आलं. कुत्रं जे पळालं ते रात्रीच्या जेवणालाच परतलं. स्प्रिंग वीतभर बाहेर उसळली होती. नळीतून काहीतरी काळं, गोल, लाकडाचं निसटून टेबलाखाली घरंगळलं.

तिनं ते उचललं. चार बोटं लांब. फडक्यानं पुसलं तर तेलाखाली लाल रंग निघाला.

आधी ती खो खो हसली. आईचा झाडू! आपण कापला नाही म्हणून केल्विननं बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती. मग तिनं उजवी नळी टोपणावर फडकं दाबून, अंगाचा भार टाकून उघडली. तिथंही तेवढाच तुकडा. तो हातात आल्यावर तिचं हसू थांबलं.

स्प्रिंग ताठ करायला वर टेकू घालायची युक्ती तिथं सगळ्यांना ठाऊक. बोटभर घालतात, फार तर दीड बोट. चार बोटं कुणी घालत नाही. तिनं स्प्रिंग प्रेसमध्ये दाबली, वेढ्याला वेढा टेकेपर्यंत, आणि मापं पेन्सिलनं भिंतीवर लिहिली. फोर्क एकशे ऐंशी मिलिमीटर दबायला हवा. या टेकूनं तो शंभरावरच अडत होता. त्यापुढं स्प्रिंग ही स्प्रिंग राहत नव्हती, लोखंडाची पहार होत होती. पंचाण्णव किलोच्या केल्विनला त्यानं बरं वाटलं असेल, तेही सपाट ट्रॅकवर. ग्लेनिस तेव्हा एक्कावन्न किलोची होती, आणि उतरायचं होतं खाणीत, म्हणजे धक्का न गिळता फोर्क तिलाच हँडलवरून फेकणार.

तिनं गणित दोनदा केलं. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती.

केल्विन चार वाजता लंगडत आला तेव्हा दोन्ही तुकडे चहाच्या किटलीशेजारी उभे करून ठेवले होते.

"झाडू सापडला," ग्लेनिस म्हणाली.

केल्विननं ब्रेडची पिशवी खाली ठेवली. नेहमीच्या पेटीवर बसला. गुडघा चोळला.

"आधी चहा टाक," तो म्हणाला.

"तूच टाक."

त्यानं चहा टाकला नाही. "शनिवारी सरावाला मी नेली होती. माझ्या वजनानं फोर्क तळाला आपटत होता. म्हणून कापला दांडा. रविवारी काढायचे होते तुकडे. रविवारी बियर प्यायला गेलो. सोमवारी तू गेटवर उभी राहिलीस तेव्हा आठवलं. ओरडलो मी, ग्लेन. देवाशपथ ओरडलो. तीस इंजिनं चालू होती."

"आणि नंतर? इस्पितळातही तीस इंजिनं चालू होती का?"

"नंतर बाबा म्हणाले, पोरीनं मूठ सोडली. मी गप्प बसलो. एक दिवस गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी तोंड उघडत नाही. वर्ष गेल्यावर तर..."

"गप्प? तू? तीस वर्षं माईकवरून बोंबलतोयस, 'आता आली ग्लेनिसची माघार, बघू या कोण कोण कच खातो!' सगळं गाव हसतं. मीही हसते, केल. सॉसेज भाजत उभी असते आणि हसते."

केल्विननं एक तुकडा उचलला आणि पुन्हा ठेवला.

"एकच सांग," ती म्हणाली. "मी मूठ सोडली होती?"

"नाही."

"बघून सांग."

"बघूनच सांगतोय. मी कुंपणापाशी होतो. चाक टेकेपर्यंत इंजिन किंचाळत होतं. तू पडलीस, गाडी तुझ्यावर पडली, तरी किंचाळत होतं. बंद होईना. मी धावलो. तुला शुद्ध नव्हती आणि मूठ पूर्ण पिळलेली होती. तुझी बोटं एकेक करून मी सोडवली."

ग्लेनिस रडली. पासष्ट वर्षांची बाई लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. केल्विन उठून जवळ यायला लागला, तसा तिनं हात वर केला.

"घरी जा. ब्रेड ठेवून जा."

पुढचे तीन मंगळवार तो आला नाही आणि तिनं बोलावलं नाही. तिला राग झाडूचा नव्हता, तुकड्यांचाही नव्हता. बावीस वर्षांचं पोरगं, विसरलं. राग त्या फळीचा होता. दोनदा कुजली तेव्हा दोन्ही वेळा नवी फळी रंगवणारा केल्विनच होता.

तिनं नव्या सील बसवल्या, दोन्ही नळ्यांत तेल मापून ओतलं, टेकू म्हणून प्लॅस्टिकच्या पाइपचे बोटभर तुकडे घातले. पण फोर्क बसणाऱ्याच्या मापाचा झाला की नाही हे एकट्यानं कळत नाही. गाडीवर दोन्ही पाय वर घेऊन बसावं लागतं, आणि आपल्या वजनानं फोर्क किती खचला ते दुसऱ्यानं टेपनं मोजावं लागतं. तिनं भिंतीला टेकून प्रयत्न केला आणि काकवीच्या बादलीत पडली. अंगाला वास घेऊनच तिनं फोन लावला.

"टेप धरायला माणूस पाहिजे. गप्पा मारायला नको."

केल्विन दहा मिनिटांत हजर. वास आला असणार, पण त्यानं सरळ टेप उचलली. ती गाडीवर बसली, त्यानं एका हातानं हँडल धरलं आणि वाकून टेप लावली.

"वजन किती तुझं?"

"तुला काय करायचंय?"

"नाही, म्हणजे... ऐंशी मिलिमीटर खचतोय. जास्त आहे. अजून थोडा टेकू लागेल."

त्यांनी पाइपचे तुकडे बदलले, पुन्हा मोजलं. चौथ्या खेपेला केल्विन म्हणाला, "पंचावन्न. बरोबर. हा आता तुझा फोर्क झाला."

तिनं नळीवर प्लॅस्टिकची बारीक पट्टी आवळली. फोर्क जितका दबेल तितकी ती वर ढकलली जाते आणि तिथंच राहते, खोटं बोलत नाही. मग हात पुसत म्हणाली, "सोमवारी मी उतरतेय. माईकवर काय बोलायचं ते तुझं तू बघ."

ईस्टरच्या सोमवारी साठीपुढच्यांच्या शर्यतीत नऊ गाड्या होत्या. पहिल्या फेरीत खाणीची कड दिसली तशी ग्लेनिसनं मूठ आणखी पिळली. भीती होतीच, ती कुठं जाणार? पण भीती आणि मूठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला आता ठाऊक होतं. फळी बाजूनं सर्रकन गेली. खाली जमीन नव्हती. इंजिन किंचाळत राहिलं. मग पुढचं चाक टेकलं, फोर्क दबत गेला, दबत गेला, आणि अलगद परत वर आला. ती हेल्मेटच्या आत जोरात ओरडली, शिवीच होती.

दुसऱ्या फेरीत तिला एक विचित्र गोष्ट दिसली. कुंपणाजवळची माणसं ट्रॅककडं बघत नव्हती. सगळ्यांची तोंडं माईकच्या मचाणाकडं वळली होती. सॉसेज भाजणारी बाई चिमटा हातात धरून तशीच उभी होती. इंजिनाच्या आवाजात ग्लेनिसला अक्षरही ऐकू आलं नाही.

ती सातवी आली. गाडी स्टँडवर लावेपर्यंत केल्विन मचाण उतरून, गुडघ्याला शिव्या देत तिथवर पोचला. डोळे लाल, आवाज बसलेला.

"काय बोललास?"

"झाडूपासून सुरुवात केली."

"आणि शेवट?"

"तुझी बोटं." तो खाली वाकला, फोर्कवरची पट्टी बघायला, किंवा तोंड लपवायला. "बोटभर राहिलंय वर. तळाला लागला नाही."

"माझ्या मापाचा आहे."

केल्विननं मान हलवली. "पोरं हातोडा शोधतायत," म्हणाला, "फळी उखडायला सांगितली आहे मी."

"उखडू नका," ग्लेनिस म्हणाली. "माझं नाव राहू दे. पुढचा शब्द तेवढा खोड. आणि तू स्वतः खोड, केल, पोरांना सांगू नकोस."

तो रंगाचा डबा घेऊन लंगडत खाणीच्या कडेकडं निघाला. पुढच्या शर्यतीच्या गाड्या गेटवर लागेपर्यंत फळीवर एवढंच उरलं होतं: 'ग्लेनिसची'.